माझी आठी गेली ती संक्रांत

परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, "आजी, पुढच्या आठवड्यात कपाळावर आठ्या घालवायचं इंजेक्शन घेतेय. इथे सगळ्याच घेतात, तू घाबरू नकोस." मी घाबरले नाही. "मी घेतलंय," एवढंच म्हटलं. तू एवढ्या जोरात "काय?" म्हणालीस की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

सगळं तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तुझी मीटिंग होती आणि मला फोनवर काही क्रमाने सांगता येत नाही. मधेच कुणीतरी हॅलो हॅलो करतं आणि सूत्र सुटतं. जे आधी घडलं ते आधी सांगावं, असं मी जन्मभर मुलींना शिकवलं. म्हणून लिहिते आहे. तुझ्या भावालाही वाचू दे. तो तेव्हा जन्मलाही नव्हता, आणि आपल्या आजीने असलं काही केलं असेल यावर त्याचा विश्वास बसायचा नाही. तुमच्या आईने तुम्हा दोघांना मराठी वाचायला शिकवलं हे किती बरं केलं!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सांगलीच्या मुलींच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत असे, तिथून नुकतीच निवृत्त झाले होते. माझ्या दोन भुवयांच्या मधे दोन उभ्या रेघा होत्या. चांगल्या खोल, शेजारी शेजारी. पोथीत श्लोक संपला की दोन उभे दंड असतात ना, तशा. तुझे आजोबा म्हणायचे, "तुझ्या कपाळावर श्लोक संपला, आता आम्ही काय बोलणार?" शाळेत त्या रेघांनी माझं पुष्कळ काम केलं. मला कधी आवाज चढवावा लागला नाही. मी दारात उभी राहून आठी घातली की मागच्या बाकापर्यंत वर्ग शांत व्हायचा. मला त्या आठीचा थोडा अभिमानच होता म्हण ना.

त्या रेघा पहिल्यांदा खुपल्या त्या तुझ्यामुळे.

तू चार वर्षांची होत आली होतीस आणि मी तुला अजून पाहिलं नव्हतं. तुम्ही परदेशात. तुझ्या बाबाला तिथल्या कागदपत्रांमुळे तो देश सोडता येत नव्हता, आणि आजोबांना डॉक्टरांनी विमानाचा लांबचा प्रवास मना केला होता. तेव्हा चेहरा दाखवणारे फोन नव्हते. दर रविवारी बाबाचा फोन यायचा, आणि पाकिटातून फोटो यायचे-जायचे, तेवढंच. अशाच एका रविवारी तो हसत हसत म्हणाला,

"आई, गंमत सांगू? तुझा फोटो फ्रिजवर लावला होता. ही त्याच्याकडे पाठ करून दूध पिते. म्हणते, आजी इज अँग्री."

"मग?"

"मग काय, काढून ठेवला. नाहीतर दूधच पीत नाही."

मीही हसले. मग आईने विचारायच्या त्या सगळ्या गोष्टी विचारल्या, थंडी किती आहे, खोकला गेला का. फोन ठेवला आणि घरभर फिरत राहिले. स्वयंपाकघरातून अंगणात, अंगणातून परत. ओटा पुसलेला होता तो पुन्हा पुसला. फोटो काढून ठेवला, हे त्याने किती सहज सांगितलं!

शेवटी बाबाची कागदपत्रं सुटली आणि त्या संक्रांतीनंतर तुम्ही येणार होतात. साताऱ्याला माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे तुझं बोरन्हाण करायचं ठरलं होतं. मूल पाच वर्षांचं व्हायच्या आत संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीतरी त्याला बोरं-उसाने न्हाऊ घालतात, आणि आपल्याकडे ते थोरल्या घरी करायची पद्धत. मला एकच हवं होतं. तू गाडीतून उतरलीस की माझ्याकडे बघून पाठ फिरवू नयेस. बाकी काही नको होतं. पण ते इतकं हवं होतं की मला एका जागी बसवेना.

माझी एक जुनी विद्यार्थिनी इंग्लंडहून त्वचारोगांचं शिकून आली होती आणि मिरज रस्त्याला तिने दवाखाना उघडला होता. मी गेले होते पायाच्या भेगा दाखवायला. पाय बघून झाल्यावर ती जरा घुटमळली.

"बाई, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"रागावले तर दिसेलच तुला," मी म्हटलं.

"तेच सांगायचंय," ती म्हणाली आणि दोघी हसलो.

तिच्याकडे एक बाई यायच्या, त्यांचा अर्धा चेहरा सारखा उडायचा आणि डोळा आपोआप मिटायचा. त्यांच्यासाठी ती मुंबईहून एक औषध बर्फाच्या थर्मासमधून मागवणार होती. ते स्नायूत टोचलं की स्नायू काही महिने सैल पडतो. बाटली एकदा कालवली की लगेच वापरून टाकावी लागते, आणि त्या बाईंना अर्धीच पुरते. उरलेली फेकायची. "तिकडे आता याच औषधाने बायका आठ्या घालवतात. मी अशी इंजेक्शनं पुष्कळ दिली आहेत. तुमचीही आठी जाईल, तीन-चार महिने तरी."

रात्रीच्या उरलेल्या पोळीची सकाळी फोडणीची पोळी करणारी बाई मी. उरलेलं फेकायचं म्हटलं की मला ते बघवत नाही. पण खरं कारण ते नव्हतं. मी घरी येईपर्यंत फ्रिजवरून काढलेल्या त्या फोटोचाच विचार करत होते. आजोबांना सांगितलं नाही. ते नको म्हणाले असते.

संक्रांत होऊन दोन-तीन दिवस झाले होते. दवाखान्यात ती उडत्या चेहऱ्याची बाई माझ्या आधी येऊन बसली होती. आटपाडीकडची, मेंढरांच्या घरातली. आता त्यांनी डाळिंबं लावली होती, आणि डाळिंब कसं फुटतं हे तिने मला पाच मिनिटांत सांगून टाकलं. बोलताना तिचा उजवा गाल ओठापासून डोळ्यापर्यंत ओढला जायचा. मग ती माझं तोंड निरखायला लागली.

"आवं बाई, तुमचं काय हालतंय? मला तर काय बी दिसंना."

"हलत काही नाही. कपाळाची आठी घालवायची आहे."

"आठी?" तिने पदर तोंडाला लावला. "आन् ती कशापायी घालवायची? आठी हाय म्हून तर सुना धाकात ऱ्हात्यात."

"सून लांब आहे. नात घाबरते."

"मग नातीला गूळ द्या की! सुई सोताला कशापायी टोचून घेताय?"

 तेवढ्यात तिला आत बोलावलं.

तिचं काम लांबलं. माझी पाळी यायला दुपार कलली. आता तुला उपयोगाचं आहे ते सांगते. टोचणं म्हणजे लाल मुंग्या चावाव्यात इतपत, चार-पाच ठिकाणी. भुवयांच्या मधे डास चावल्यासारख्या गांधी उठतात, त्या घरी पोचेपर्यंत बसतात. एका ठिकाणी रक्ताचा ठिपका आला, तिने कापूस धरला. मग तिने वर्गात पाठ म्हणून दाखवावा तसं सांगितलं: काही तास आडवं व्हायचं नाही, खाली वाकायचं नाही, वाफ घ्यायची नाही, कपाळ चोळायचं नाही. मी ते परत म्हणून दाखवलं. सूचना पाळण्यात मला कोणी हरवू शकत नाही. रिक्षातसुद्धा मी पाठ टेकवली नाही.

घरी येते तो शेजारच्या काकूंचं हळदीकुंकू. काकू ऐंशीच्या घरातल्या. जाणं भागच होतं. आम्ही सांगलीला आलो त्या पहिल्या संक्रांतीपासून त्यांच्याकडचं वाण मी कधी चुकवलं नव्हतं. काकूंना टिकली मान्य नव्हती. "ही चिकटपट्टी आधी काढ बघू," म्हणून त्यांनी माझी टिकली नखाने उचकटली. मग मेणाची डबी. आजच्या मुलींना हे माहीत नाही. आधी कपाळावर मेण लावायचं, ते बोटाने गोल गोल दाबत चांगलं जिरवायचं, आणि मग त्यावर कुंकू, म्हणजे दिवसभर हलत नाही. काकूंच्या बोटात अजून जोर होता. त्यांनी बरोबर दोन भुवयांच्या मधे मेण जिरवलं, पुन्हा थोडं घेतलं, पुन्हा जिरवलं, मग अंगठ्याने कुंकू दाबलं. तिळगूळ हातावर ठेवला. मी वाकून त्यांच्या पाया पडले. तिथून समोरच्या घरी, तिथून कोपऱ्यावरच्या. प्रत्येक ठिकाणी अंगठा आणि कपाळ.

कुंकवाला सवाष्ण नको म्हणत नाही. पण तुला खरं सांगू, नको म्हणायचं माझ्या मनातच आलं नाही. मी कपाळ चोळलं नव्हतं. मी फक्त कुंकू लावून घेतलं होतं.

पुढचे दोन-तीन दिवस काहीही होत नाही. हे पक्कं लक्षात ठेव, कारण माणूस वेडं होतं ते याच दिवसांत. मी दर थोड्या वेळाने आरशापुढे जायची आणि आठी घालून बघायची. यायची, तशीच, ठणठणीत. डोकं मात्र दुखत होतं, कुणी फडकं घट्ट बांधल्यासारखं. वाटायचं, बाटलीतलं उरलं नसावंच, पोरीने भिडेखातर मला नुसतं पाणी टोचलं. मग वाटायचं, जास्त टोचलं. बागेतल्या कुंड्या हलवल्या, परत जागच्या जागी ठेवल्या. तुमच्यासाठी गाद्यांना घातलेल्या खोळी काढून पुन्हा घातल्या. आजोबा पेपराच्या आडून म्हणाले, "पाहुणे यायचेत अजून. आत्ताच दमलीस तर त्यांच्या वाट्याला काय येणार?"

मग एका सकाळी भुवया जड वाटल्या. कपाळाला खळ घातल्यासारखं वाटत होतं. आरशात आठी घालायला गेले आणि ती आली नाही. मनातून मी आठी घालत होते, आणि कपाळ दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं स्वस्थ. फार विचित्र वाटतं गं ते. हाक मारावी आणि घरात कुणी नसावं, तसं. पण आनंदही झाला. रेघांच्या जागी नुसत्या पुसट खुणा होत्या. मी आरशाला म्हटलं, "ये, आजीकडे ये," आणि स्वतःलाच लाजले.

आजोबांना काय बदललं ते कळलं नाही, पण त्याचा परिणाम त्यांनी लगेच घेतला. संध्याकाळी म्हणाले, "उद्या ऑफिसातली जुनी मंडळी जेवायला येतायत."

"मला न विचारता?"

"विचारलं की सकाळी. तू काही म्हणाली नाहीस."

"मी आठी घातली होती!"

"अजिबात नाही. मी मुद्दाम बघितलं. कपाळ स्वच्छ होतं, म्हणून तर होय म्हणून टाकलं."

भांडायलाही येईना. इतक्या वर्षांच्या संसारातला निम्मा संवाद त्या दोन रेघांनी चालत होता, हे मला मंडळींसाठी भरली वांगी करताना कळलं.

आणि त्याच आठवड्यात पापणी उतरली. सकाळी वेणी घालायला बसले आणि पाहते तो उजवा डोळा अर्धा मिटलेला. दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढतात तसा. मी डोळा ताणला. पापणी जागची हलली नाही. बोटाने वर केली, बोट काढलं की पुन्हा खाली.

आजोबांनी चहाचा कप ठेवला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "हात वर कर. दोन्ही. आता हस बघू. अगं, हस ना!" त्यांना वाटलं, अर्धांगवायू. रिक्षा बोलवायला निघाले, तेव्हा त्यांचा हात धरून खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला.

"मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतात?"

"नको म्हटलं असतं."

"म्हणून नाही विचारलं."

"ती फोटोची गोष्ट मनाला लावून घेतलीस," ते हळूच म्हणाले. मी मान हलवली. मग त्यांनीच माझी पर्स आणि चपला आणून दिल्या.

दवाखान्यात माझी विद्यार्थिनी माझ्या डोळ्याकडे आणि मग कपाळाकडे बघत राहिली. कपाळावर काकूंच्या पद्धतीचं मेणकुंकू होतं. हळदीकुंकवं अजून चालूच होती.

"बाई, कपाळ चोळलंत का तुम्ही?"

"मुळीच नाही."

"मग हे?"

मी कुंकवाला हात लावला, आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"त्याच दिवशी?" तिने विचारलं.

"तीन घरं. मेण लावून."

ती कपाळाला हात लावून बसली. "माझ्याही डोक्यात आलं नाही हो. मी आपली टिकलीच धरून चालले. तिकडे कुणाला कुंकवाचं सांगावं लागत नाही ना!" औषध दाबलं जाऊन पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत उतरलं होतं. यावर उतारा नाही, आपोआपच जातं, असं तिने सांगितलं. थेंब दिले, त्यांनी थोडा वेळ पापणी जराशी वर राहते. "घाबरू नका, महिन्या-दीड महिन्यात पूर्ण उघडेल."

तुम्ही रथसप्तमीच्या आधी येणार होतात. त्याला महिना उरला नव्हता.

बाहेर आले तर आटपाडीची बाई पुन्हा दाखवायला आलेली. गाल शांत, दोन्ही डोळे टक्क उघडे, चेहरा धुतल्यासारखा लख्ख. तिने मला ओळखलं आणि उठूनच उभी राहिली.

"आगं बया! माझा मिटका डोळा तुमच्याकडं आला व्हय? एकाच बाटलीतलं हाय न्हवं ते!"

मी तिथेच खुर्चीत बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. तीही हसली, आणि हसताना तिचा डोळा मिटला नाही म्हणून परत हसली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "गूळ द्या म्हनलं हुतं मी."

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते मला नीट आठवतही नाहीत, एवढी मी फिरत होते. सकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जायचं, पाणी बघायचं, पाणी तिथेच आहे म्हणून परत यायचं. वाचायला बसलं की मान मागे टाकून नाकाच्या शेंड्यावरून वाचावं लागायचं. पापणी चिकटपट्टीने वर चिकटवून पाहिली, तर डोळा इतका वटारलेला दिसला की आजोबा म्हणाले, त्यापेक्षा मिटका बरा. काळा चष्मा घेतला. तो लावला की मी सिनेमातल्या शत्रुपक्षाची वाटायची. आधी तू माझ्या रागाला घाबरायचीस, आता मी भुतासारखी दिसत होते. वाटलं, जाऊच नये. आजारी आहे म्हणून कळवावं आणि तुम्ही सांगलीला याल तोवर पापणी वर जाते का पाहावं. तसा फोन मी साताऱ्याला केलाही.

"काय झालंय तुला?" जाऊबाईंनी विचारलं. मी सांगितलं. त्या कधी कुणाला सोडत नसत. "एक डोळा उघडा आहे ना? मग ये. दोन्ही मिटून वावरणाऱ्या कितीतरी आहेत आपल्याकडे, त्यांना मी बोलावतेच की."

गेलो. उंब्रजला आजोबांना चहा हवा होता. टपरीवाल्याने कप देताना माझ्याकडे पाहिलं. "आजी, डोळं आल्यात व्हय? दुधाची घडी ठेवा, लय गार वाटतं." मी चष्मा लावला. पुढे साताऱ्यापर्यंत तो डोळ्यावर ठेवला, आणि जाऊबाईंच्या दारात त्यांनी तो काढून घेतला. "पोर घाबरेल याला. आहे तो चेहरा दाखव."

दुपारी तुमची गाडी मुंबईहून आली. आम्ही अंगणात उभे होतो, मी, जाऊबाई आणि शेजारच्या दोघी-तिघी. तुझी आई उतरली, मग बाबा उतरला. तो मला नमस्कार करायला वाकला आणि वर बघून तसाच वाकलेला राहिला. "नंतर सांगते," मी म्हटलं. मग त्याने तुला उतरवलं. निळा स्वेटर, प्रवासाने चुरगळलेले केस. तुला आमच्यासमोर उभं करून तो म्हणाला, "ओळख बरं, यातली आजी कोणती?"

तू घाबरली नाहीस. तू एकेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलंस. चेहऱ्याकडे म्हणजे कपाळाकडे. माझ्याकडे पाहिलंस, तुझी नजर माझ्या कपाळावर क्षणभर थांबली आणि पुढे गेली. जाऊबाईंच्या डोळ्यांवर ऊन येत होतं, त्यांनी डोळे बारीक केले होते, आणि त्यांच्या भुवयांमधे दोन बारीक रेघा उमटल्या होत्या. तू चालत गेलीस आणि त्यांचं नेसूचं धरलंस.

"अगं, ती नव्हे!" बाबा म्हणाला.

तू त्यांच्या कपाळाकडे बोट दाखवलंस. "रेघा."

जाऊबाईंना काय करावं कळेना. त्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तुझ्या बाबाचा चेहरा उतरला होता. मला बाजूला घेऊन त्याने सांगितलं ते असं. फोटो काढून ठेवल्यावर त्याला चैन पडेना. त्याने तो पुन्हा लावला आणि तुला शिकवलं, आजी रागावलेली नाही, ती खूप विचार करते, विचार केला की अशा दोन रेघा येतात. मग तू रोज दूध पिताना त्या रेघांवर बोट फिरवायचीस. विमानातसुद्धा बाबा सांगत आला होता, रेघा दिसतील ती आपली आजी.

मी जे पुसून आले होते, तेच शोधत तू आली होतीस.

त्या दिवशी तू माझ्याकडे आली नाहीस. बोलावलं की बाबाच्या पायामागे जायचीस. रागाने नाही, परक्या बाईकडे कशाला जायचं म्हणून. जाऊबाईंच्या हातून वरणभात खाल्लास. मी वाढत होते, उचलत होते, सारखी काहीतरी आणायला आत-बाहेर करत होते. जाऊबाई म्हणाल्या, "बस की गं एका जागी. पोरीला दिसशील तरी." पण बसलं की मला तुझ्याकडे बघत राहावं लागायचं.

दुसऱ्या दिवशी बोरन्हाण. तुला काळं झबलं घातलं, हलव्याचे दागिने घातले, डोक्यावर हलव्याचा मुकुट. तू पाटावर बसलीस आणि आपल्या हातातली बांगडी चाटून बघितलीस. गल्लीतली मुलं भोवती दबा धरून बसली होती. औक्षण झालं, आणि जाऊबाईंनी मापातून तुझ्या डोक्यावर बोरं, उसाचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, चॉकलेटं सोडली. मुलं आरडाओरडा करत तुझ्यावरच तुटून पडली. तुला कुणी आधी काही सांगितलंच नव्हतं. तू रडली नाहीस. तू ताठ बसलीस, आणि तुझ्या एवढ्याशा कपाळावर, बरोबर दोन भुवयांच्या मधे, दोन उभ्या रेघा आल्या.

"अगं बाई!" जाऊबाईंच्या हातातलं माप तसंच राहिलं. "ही तर तूच गं! हुबेहूब!"

सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे, आणि माझ्या कपाळावर दाखवायला काही नव्हतं. मी मुलांच्या गर्दीतून वाट काढली आणि तुला उचललं. तू आलीस. कोण आहे ते न बघता आलीस, कारण तिथून सुटायचं होतं. अंगणाच्या कोपऱ्यात नेल्यावर तू माझ्या तोंडाकडे जवळून पाहिलंस.

"हा डोळा झोपलाय?"

"हो, झोपलाय."

"रेघा?"

मी काय सांगणार होते? "त्याही झोपल्यात."

"उठव."

"मला येत नाही गं."

तू विचार केलास. विचार करताना तुझ्या रेघा पुन्हा आल्या. मग तू हलव्याने चिकट झालेली दोन बोटं माझ्या कपाळावर ठेवलीस, आणि भुवयांमधलं कातडं चिमटीत धरून जोरात दाबलंस. मान मागे घेऊन बघितलंस. बरोबर जमलं नव्हतं, म्हणून पुन्हा दाबलंस.

"आता आजी," तू म्हणालीस.

त्या मुक्कामात मग रोज तेच चाललं. मांडीवर येण्याआधी तू चिमटीत कपाळ धरायचीस, रेघा करून घ्यायचीस आणि मग बसायचीस. माझी विद्यार्थिनी चोळू नका म्हणाली होती, पण आता उशीर झाला आहे असं मी ठरवलं. बोरन्हाण कसलं ते तुला आता आठवत नसेल. ती चिमटी मला अजून आठवते.

तुम्ही परत गेलात तेव्हा पापणी जेमतेम निम्मी उघडली होती. होळीपर्यंत ती पूर्ण वर गेली. आठी मात्र गेलेलीच होती. आता मी आरशापुढे जायची ती उलट्या कारणासाठी. एखादी पुसट सुरकुती हलली का, म्हणून उजेडाकडे तोंड करून बघायची. आंब्याच्या दिवसांत एकदा आजोबांनी पेटीतले सगळे पिकलेले आंबे परस्पर मित्रांना वाटून टाकले. मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि ते उडालेच. "श्लोक संपला! अगं, श्लोक संपला!" मी आरशाकडे धावले. दोन्ही होत्या, अजून कोवळ्या, पण होत्या.

तो रविवार नव्हता. तुमच्याकडे काय वाजले असतील याचाही विचार न करता मी फोन लावला. तुझ्या आईने घाबरून विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, तिला दे." तुझा झोपेतला आवाज आला. मी म्हटलं, "उठल्या." तू लगेच विचारलंस, "डोळा पण?"

नंतर माझ्या विद्यार्थिनीने एक-दोनदा विचारलं, बाटली आणते आहे, बाई, येता का. मी गेले नाही. पण म्हणून तू घेऊ नकोस असं मी म्हणणार नाही. औषध चांगलं आहे, त्या आटपाडीच्या बाईला विचार. गांधी बसतात, डोकं दुखतं, दोन-तीन दिवस काही होत नाही, आणि मग एका सकाळी कपाळ तुझं ऐकेनासं होतं. तीन-चार महिन्यांनी परत ऐकायला लागतं. त्या दिवशी वाकू नकोस, आडवी होऊ नकोस, आणि तुमच्या तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या कुणाकडे हळदीकुंकू असेल तर खुशाल नको म्हण. मी परवानगी देते.

फक्त जाण्याआधी मला तुझा एक फोटो पाठव. मी तो इथे फ्रिजवर लावणार आहे. आठी घातलेला पाठव. हसरे माझ्याकडे पुष्कळ आहेत.